रस्त्यावर राहणारी माणसं

गेल्या सप्टेंबरात मी २३ दिवस गाडीत राहिलो. साधी हॅचबॅक. मागची सीट पाडून प्लायवूडची फळी टाकली, वर गादी. फळीखाली पाण्याचे दोन कॅन, छोटी शेगडी, मॅगीची पाकिटं. सकाळी नेटवर्क असेल तिथे लॅपटॉप उघडायचा, कोड लिहायचा, दुपारनंतर पुढचा घाट. सिमला, नारकंडा, रामपूर, कल्पा, मग नाको आणि स्पिती. नारकंड्याच्या पहिल्या रात्री स्टोरी टाकली : ‘सोलो. कुणाची गरज नाही.’ ती पाहून आईचा फोन आला, “जेवलास का?”

ही गोष्ट त्या ‘कुणाची गरज नाही’ची आहे.

मी जुन्नरकडचा. त्यामुळे डोंगरातला रस्ता म्हटलं की मला आधी नाणेघाट आठवतो. कोकणातल्या बंदरांतून जुन्नरला माल यायचा तो या वाटेनं, दोन हजार वर्षांपूर्वी. माथ्यावर कातळात कोरलेली गुहा आहे. भिंतींवर ब्राह्मी लिपीत सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख. बाहेर दगडी रांजण. त्यात जकातीची नाणी पडायची, असं आम्हाला लहानपणापासून सांगत आलेत. लेखात यज्ञांची आणि दानांची यादी आहे : गायी, घोडे, हत्ती, हजारो कार्षापण. पण दरीतून ती वाट कुणी फोडली, पायऱ्या कुणी रचल्या, त्याबद्दल एक अक्षर नाही. शाळेच्या सहलीत हे मला कधी खटकलं नव्हतं. ते खटकलं किन्नौरमध्ये, दीड हजार किलोमीटर दूर.

सिमल्याहून सतलजच्या कडेनं जो महामार्ग किन्नौरकडे जातो, त्याचा पूर्वज म्हणजे हिंदुस्तान-तिबेट रोड. लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल असताना, १८५०मध्ये त्याचं काम सुरू झालं. तिबेटचा व्यापार, विशेषतः पश्मिना लोकर, इंग्रजांना हवी होती. आणखी एक कारण कागदोपत्री दिलं होतं, ते जास्त रंजक आहे. चांगला रस्ता झाला की खेचरं चालतील, मग पहाडी माणसांच्या पाठीवर ओझी लादावी लागणार नाहीत, बेगार संपेल.

बेगार म्हणजे आपली वेठबिगार. ‘शहराला वेठीस धरलं’ हे आपण आज संपाच्या बातमीत सहज लिहितो, पण त्यामागची वेठ खरीखुरी होती. साहेब दौऱ्यावर किंवा शिकारीला निघाला की वाटेतल्या गावांनी माणसं पुरवायची. तंबू, खुर्च्या, पेट्या पाठीवर घेऊन पुढच्या मुक्कामापर्यंत चालायचं. पेरणी असो, कापणी असो, नकार चालत नसे. मजुरी मिळालीच तर नावापुरती. कुमाऊँमध्ये तर याचे प्रकारच पाडले होते : कुली बेगार, कुली उतार आणि कुली बर्दायश. बर्दायश म्हणजे मुक्कामी आलेल्या साहेबाला दूध, तूप, धान्य, लाकूडफाटा पुरवणं.

आणि बेगार संपवायला निघालेला तो रस्ता कसा बांधला? पहाडी संस्थानिकांनी आपल्या रयतेतून माणसं धाडायची, त्यांनी कडा फोडायचा. म्हणजे बेगारीनंच. रस्ता झाल्यावर साहेबांची ये-जा वाढली. फागू, ठियोग, मटियाना, नारकंडा अशी मुक्कामांची साखळीच तयार झाली. मुक्काम वाढले तशी ओझीही वाढली.

मी ज्या नारकंड्यात ‘सोलो’ लिहिलं, ते या साखळीतलं एक गाव. त्या काळच्या साहेबांनाही हिमालयातला एकांत फार आवडायचा. त्या एकांताच्या मागे पंचवीस-तीस हमाल चालत असत, एवढंच.

नारकंड्याहून थोडं खाली उतरलं की कोटगढ. आज तिथे उतारभर सफरचंदाच्या बागा दिसतात. त्याचं श्रेय सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन माणसाला देतात. फिलाडेल्फियाच्या सुखवस्तू घरातला हा तरुण १९०४मध्ये भारतात आला, कोटगढला स्थायिक झाला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं, अमेरिकेतून सफरचंदाची कलमं आणली. सफरचंदवाला स्टोक्स सगळ्यांना माहीत असतो. पण या रस्त्याच्या दृष्टीनं त्याचं मोठं काम वेगळं आहे. गोरा असल्यानं त्याच्याकडे बेगार कुणी मागणार नव्हतं, तरी तो शेजाऱ्यांच्या बाजूनं उभा राहिला. अर्ज झाले, पत्रं झाली, वर्तमानपत्रांत लेख झाले. शेवटी गावांनी ठरवलं : ओझं उचलायचं नाही. १९२१मध्ये सरकारला नमतं घ्यावं लागलं. त्याच वर्षअखेर असहकार चळवळीत स्टोक्स तुरुंगात गेला.

योगायोग बघा, त्याच १९२१च्या जानेवारीत, मकरसंक्रांतीला, कुमाऊँमधल्या बागेश्वरला उत्तरायणीची जत्रा भरली होती. बद्रीदत्त पांडे आणि सहकाऱ्यांच्या हाकेवर हजारो माणसं शरयू आणि गोमतीच्या संगमावर जमली. बेगारीच्या पाळ्या कुठल्या घराकडे, हे गावोगावच्या वह्यांत लिहिलेलं असे. लोकांनी त्या वह्या शरयूत फेकून दिल्या. मी दिवसभर डेटाबेसमध्ये काम करतो. एखादं टेबल पुसून टाकल्यानं इतकी माणसं मोकळी झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

बेगार गेली. रस्ते मात्र वाढतच राहिले, आणि कडे कुणीतरी फोडायचेच होते. ७ मे १९६० रोजी सीमा सडक संघटना, म्हणजे बीआरओ, स्थापन झाली. १९६२च्या युद्धानंतर सरहद्दीकडच्या रस्त्यांची घाई झाली. किन्नौरमध्ये तरंड्याजवळ रस्ता अक्षरशः कातळाच्या पोटातून जातो, डोक्यावर खडक आणि खाली सतलज. तिथे देवीचं देऊळ आहे. प्रत्येक ट्रक थांबतो. ड्रायव्हर सांगतात, रस्ता खोदताना इतकी माणसं गेली की शेवटी देऊळ बांधलं. देवीचं नाव पाटीवर आहे. गेलेल्यांची नावं मला दिसली नाहीत.

नाकोजवळ मलिंग नाला आहे. दरड कोसळण्यासाठी बदनाम जागा. त्या दुपारी वरून पाणी आलं होतं. ट्रक गेला म्हणून मीही गाडी घातली आणि मधोमध पुढचं चाक दगडात अडकलं. क्लचचा वास यायला लागला. माझ्याकडे शेगडी होती, तीन पॉवर बँका होत्या, ऑफलाइन नकाशे होते. यातलं काहीही गाडी ढकलत नाही.

कडेला काम करणारे पाच जण फावडी टाकून पाण्यात उतरले. एकानं हातानं दगड काढले, चौघांनी ढकललं. दहा मिनिटांत मी पलीकडे. मी पैसे पुढे केले, ते कुणी घेतले नाहीत. त्यातल्या एकानं, माझ्याच वयाचा असेल, वेगळीच गोष्ट मागितली : “भैया, फोन थोडा चार्ज कर दोगे?”

अर्धा तास आम्ही गाडीशेजारी बसलो. त्यांनी काळा चहा दिला. तो झारखंडच्या दुमक्याचा. उन्हाळ्यात येतो, बर्फ पडायच्या आत परत जातो. गेली सहा वर्षं. समोरच पत्र्याची शेड होती, ताडपत्री टाकलेली, तिथे अकरा जण राहायचे. मी त्याला अभिमानानं माझी गादी, फळी, शेगडी दाखवली होती. म्हटलं, “मैं भी रोड पे ही रहता हूँ.” तो हसला. त्याला ते विनोदी वाटलं असावं. मला नंतर वाटलं.

ही वेठ नाही, हे खरं. त्याला मजुरी मिळते, तो स्वतःहून येतो. पण २०२०च्या लॉकडाउनमध्ये लेहला अडकलेल्या झारखंडच्या ६० मजुरांना मे अखेर विमानानं रांचीला आणावं लागलं, तेव्हा कुठे आपल्यापैकी अनेकांना कळलं की लडाखचे रस्ते दुमक्याची माणसं बांधतात. ज्या रस्त्यांवर आपण रील काढतो, ते.

आमच्या धंद्यात डिपेंडन्सी नावाची फाइल असते. तुम्ही दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहा, त्याच्या खाली इतरांनी लिहिलेली शेकडो पॅकेजेस असतात. प्रत्येकाचं नाव त्या फाइलीत लागतं, नाहीतर प्रोग्रॅम चालतच नाही. रस्त्याची तशी फाइल कुणी ठेवत नाही, आणि तरी तो चालतो.

त्याचा फोन साठ टक्के झाला तेव्हा मुकादमानं हाक मारली. तो पळत गेला. मी निघालो. काझाला पोचल्यावर नेटवर्क मिळालं, वही उघडून दिवसाची टिपणं काढली : किलोमीटर, पेट्रोल, नाल्याची वेळ, चहा. आणि मग लक्षात आलं, मी त्याचं नाव विचारलंच नव्हतं. नाणेघाटातल्या लेखाला नावं ठेवत इतका लांब आलो होतो, आणि माझ्या वहीतही ‘एक मजूर, दुमका’ एवढंच होतं.