विजेचे गणित आणि मागणीपत्रक

शहापूर तालुक्यात चोंढे गावाजवळ, सह्याद्रीच्या पोटात एक वीजघर आहे. घाटघर प्रकल्पाचे हे केंद्र २००८ साली चालू झाले. त्याची शक्ती २५० मेगावॉट. विजेला मागणी वाढली की वरच्या धरणाचे पाणी खाली सोडून वीज काढावयाची, आणि मागणी उतरली की तेच पाणी विजेने पुन्हा वर चढवावयाचे. अशा केंद्रात सुमारे चार युनिटे खर्चावीत तेव्हा तीन परत मिळतात. आमच्या एका सोबत्याने विचारले, "मग हा आतबट्ट्याचा व्यवहार कशासाठी?"

प्रश्न रास्त होता. युनिटांची बचत एवढेच उद्दिष्ट धरले तर व्यवहार तोट्याचाच. परंतु ऐन संध्याकाळी दिवे जाऊ नयेत, हे दुसरे उद्दिष्ट शेजारी ठेवले की तोच शहाणपणाचा ठरतो.

असा मेळ घालणाऱ्या गणिताचा उगम कारखान्यात आहे. प्लायवूडच्या कारखान्यातील यंत्रांना काम कसे वाटून द्यावे, ह्या प्रश्नातून सोव्हिएत गणिती कांतोरोविच ह्यांनी १९३९ साली ते मांडले. १९४७ साली अमेरिकेत डांट्झिग ह्यांनी ते सोडविण्याची सुटसुटीत रीत दिली. खर्च कमीत कमी व्हावा हे उद्दिष्ट. कोळसा इतकाच, पाणी इतकेच, ही बंधने. पुढे चार्न्स व कूपर ह्यांनी अनेक उद्दिष्टे एकत्र धरण्याची वाट दाखविली. पण कोणत्या उद्दिष्टाला किती वजन द्यावयाचे, हे माणसांनाच ठरवावे लागते.

आपल्या देशात १९६५ साली ऊर्जा सर्वेक्षण समितीने सरपण व शेणीही हिशेबात धरल्या. त्या काळी देशाची निम्म्याहून अधिक ऊर्जा अशा इंधनांतूनच येई. २००६ साली किरीट पारीख ह्यांच्या अध्यक्षतेखालील नियोजन आयोगाच्या समितीने २०३१-३२ सालासाठी अकरा पर्याय गणिताने मांडले. अकरा उत्तरे आली म्हणून गणित चुकले काय? मुळीच नव्हे. प्रश्नच अकरा परींनी विचारला होता.

आम्ही शाळेत फारसे शिकलो नाही. परंतु हे गणित वाटाघाटीच्या टेबलावर आम्हांस कळले. पगारवाढ, बोनस, कामाचे तास, नोकरीची शाश्वती ही सारी एकदम पदरात पडत नाहीत. एकीकडे ताणले की दुसरीकडे सोडावे लागते. मात्र एक अनुभव पक्का आहे: जे मागणीपत्रकात लिहिले नाही, ते करारात कधी उतरले नाही.

मुरबाडच्या डोंगरपट्टीत आजही बाया डोक्यावर मोळी घेऊन उतरतात. लाकडाचे वजन टनांच्या हिशेबात येते. त्या बाईचे रानात गेलेले तास, चुलीच्या धुराने झालेला खोकला, धरणात गेलेले भाताचे खाचर, ही मुद्दाम मांडल्यावाचून येत नाहीत.

तेव्हा गणिताशी आमचे भांडण नाही. ते मांडावयाला बसतील त्या पंक्तीत मोळीवाल्या बाईलाही पाट मिळावा, आणि तिची मागणी आरंभीच लिहून घ्यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. उत्तर निघाल्यावर केलेली तक्रार गणिताला ऐकू येत नाही.