राखून ठेवलेली जागा

विहिरीपाशीं मोटेच्या धांवेसाठीं जागा सोडली, एवढ्यानें मळा भिजत नाहीं. त्यासाठीं मोट चालावी लागते. ब्रिटनमधील कोळशाच्या वीजकेंद्रांचा अलीकडील इतिहास हेंच सांगतो.

कोळसा जाळला म्हणजे धुराड्यांतून कार्बन डायऑक्साइड वायु बाहेर पडतो व पृथ्वीची उष्णता वाढवितो. तो वेगळा काढण्याची युक्ति मात्र जुनी आहे. अमाइन द्रवानें असे वायु शोषून घेण्याच्या कृतीचें पेटंट रॉबर्ट बॉटम्स यांस अमेरिकेंत १९३० सालीं मिळालें. हा द्रव थंड असतां वायु शोषतो आणि तापविला कीं सोडतो. नॉर्वेनें १९९६ पासून स्लाइपनर येथें नैसर्गिक वायूंतून काढलेला कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखालीं कोंडण्यास आरंभ केला. वीजकेंद्रांत मात्र द्रव तापविण्यास टर्बाइनकडे जाणारी वाफच वळवावी लागते व तितकी वीज घटते. शिवाय यंत्रांस मोठी जागा लागते.

म्हणून २००९ सालीं ब्रिटिश सरकारनें ठरविलें कीं, ३०० मेगावॅट वा अधिक शक्तीचें नवें केंद्र उभारणारानें पुढें हीं यंत्रें बसविण्यास पुरेशी जागा राखावी, आणि वायु नेण्याचा मार्ग व साठवणीचें ठिकाण दाखवावें. तयारी झाली, कार्य राहिलें. स्कॉटलंडमधील लाँगॅनेट केंद्राची योजना २०११ सालीं बारगळली. २०१५ सालीं सरकारनें १ अब्ज पौंडांचें साहाय्यही काढून घेतलें. शेवटीं ३० सप्टेंबर २०२४ रोजीं रॅटक्लिफ येथील अखेरचें कोळसाकेंद्र बंद झालें. तोंपर्यंत तेथील एकाही कोळसाकेंद्रास हीं यंत्रें पूर्ण प्रमाणावर लाभलीं नव्हतीं.

याउलट कॅनडांतील सस्कॅचेवान प्रांतानें बाउंडरी डॅम येथील एक जुनाच संच नव्यानें बांधून त्यास हीं यंत्रें जोडलीं, व ऑक्टोबर २०१४ मध्यें तीं चालू केलीं. वायूचा बराच भाग खनिज तेल काढण्याच्या कामीं जमिनींत सोडण्यांत आला. ठरलेलें प्रमाण अनेक वर्षें गाठतां आलें नाहीं, हें खरें. परंतु यंत्रांतील उणिवा कळल्या त्या तीं चालविल्यामुळेंच.

आपल्या चंद्रपूर व कोराडी येथेंही कोळसाच जळतो. तेथें जागा आहे काय, हा प्रश्न रास्त आहे. पण घटलेल्या विजेची भरपाई कशी करावयाची, खर्च कोणीं सोसावयाचा, वायु कोठें पुरावयाचा आणि हें सारें कोणत्या सालीं व्हावयाचें, हेंही त्याच वेळीं विचारलें पाहिजे. साल न ठरलेली तयारी कागदावरच राहते.