जोगेश्वरीचे लेणे आणि शाश्वत विकासाचा अर्थ

‘शाश्वत विकास’ हा शब्दप्रयोग मराठीत प्रामुख्याने पर्यावरणविषयक चर्चेतून रूढ झाला. त्यामुळे वृक्ष, जल व वायू यांचे रक्षण एवढाच त्याचा अर्थ पुष्कळदा घेतला जातो. संकल्पनेचा इतिहास मात्र याहून व्यापक आहे. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत इंदिरा गांधी यांनी दारिद्र्याचा प्रश्न पर्यावरणाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, असे प्रतिपादन केले. १९८७ साली ब्रुंटलंड आयोगाने भावी पिढ्यांचा विचार करीत असतानाच दरिद्री जनांच्या मूलभूत गरजांना अग्रक्रम दिला.

या व्यापक अर्थाची कसोटी मुंबईच्या उपनगरात जोगेश्वरी येथे लागते. तेथील शैव लेणे इसवी सनाच्या सहाव्या शतकातील असून लकुलीशाच्या प्रतिमेवरून त्याचा पाशुपत संप्रदायाशी असलेला संबंध स्पष्ट होतो. ‘योगेश्वरी’ या संस्कृत नामाचे प्राकृत वळणाचे रूप धारण केलेली देवी तेथे आजही पूजिली जाते. उपनगराचे नावही तिचेच.

लेणे खडकाच्या पोटात, भोवतालच्या जमिनीच्या पातळीखाली कोरलेले आहे. विसाव्या शतकात उपनगर वाढले, तशी श्रमिकांची वस्ती लेण्याच्या थेट माथ्यावर येऊन ठेपली. संरक्षित स्मारकांसाठी १९५८ चा कायदा आहे. स्मारकाच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे. परंतु पाणी कायद्याची सीमा जाणत नाही. माथ्यावरील घरांचे सांडपाणी खडकात मुरून लेण्यात झिरपते व कोरीव काम झिजते. म्हणजे वस्तीतील गटारांची व्यवस्था हाच येथे पुरातत्त्वरक्षणाचा प्रश्न होय.

वस्ती उठविणे हा उपाय सोपा वाटतो. पण नजीकच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा अनुभव याविषयी सावध करणारा आहे. १९९७ साली उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. विस्थापितांना प्रथम कल्याणनजीक जागा देऊ करण्यात आली. ती रोजगारापासून फार दूर असल्याने बहुतेकांना स्वीकारता आली नाही. पुढे चांदिवली येथे घरे बांधावी लागली.

यावरून असे म्हणता येते की, निवारा, उपजीविका आणि वारसा यांचा एकत्र विचार न करणारे संरक्षण फार काळ टिकत नाही. जोगेश्वरीचे लेणे वाचवावयाचे असेल, तर त्याच्या माथ्यावर राहणाऱ्यांच्या जीवनाची सोय हा त्या कार्याचा पहिला भाग मानावा लागेल.