मधुमेह, मनस्ताप आणि देहाचे वजन

सोलापूर सोडून विजापूरच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की वडकबाळजवळ सीना ओलांडावी लागते आणि पुढे टाकळीजवळ भीमा आडवी येते. या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या जमिनीत मंद्रूप वसलेले आहे. दोन नद्यांचा शेजार असूनही हा मुलूख अवर्षणाचा; शाळूची भाकरी हाच येथील पिढ्यान्‌पिढ्यांचा आधार. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनच्या ज्या जिल्ह्यांना होरपळून काढले, त्यांत सोलापूरची गणना होते. त्या वेळी दुष्काळी कामावरील पुरुष मजुराची मजुरी, सर रिचर्ड टेंपल यांच्या सूचनेवरून, दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर अर्धा आणा इतकी खाली आणली गेली. एवढ्यावर दिवसभर कष्ट करणारा देह झिजणारच, हे सांगण्यास वैद्य नको होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे त्याविरुद्ध दाद मागितली होती.

शंभर वर्षांनी, १९८० साली, भीमेवर उजनीचे धरण पुरे झाले आणि हाच जिल्हा ऊस व साखर कारखाने यांसाठी प्रसिद्धीस आला. ज्यांचे पणजे अन्नावाचून वाळले, त्यांच्याच घरांतील मधुमेही माणसाला आज डॉक्टर सांगतात, ‘वजन उतरवा.’ दैवगतीचा हा फेरा विचार करण्याजोगा आहे. वजन उतरणे ही देहाच्या दृष्टीने आपत्ती, की उपचार? या एका प्रश्नाभोवती मधुमेहाच्या इतिहासाची बरीच पाने फिरतात.

प्रश्नाची पहिली जाण आपल्याकडील प्राचीन आयुर्वेदात आढळते. चरकाने प्रमेही रोग्यांचे दोन वर्ग केले : एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल. पहिल्याचे शोधन करावे, दुसऱ्याचे पोषण करावे, असा त्याचा दंडक. सुश्रुताने तर निर्धन रोग्यास पादत्राण व छत्री यांवाचून शंभर योजने चालण्याचा किंवा विहीर खणण्याचा उपाय सांगितला. एकाच रोगात एकाचे वजन उतरवावे आणि दुसऱ्याचे राखावे, हा विवेक त्या काळी झालेला होता.

मनस्तापाचा संबंध युरोपात प्रथम ठळकपणे मांडला तो टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने रोग्याच्या मूत्राची गोडी वर्णिली आणि दीर्घकाळच्या शोकाची या रोगाच्या कारणांत गणना केली. हा केवळ तर्क होता. त्यास प्रयोगाची पुष्टी मिळण्यास दोन शतके लागली. १८४९ साली क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने सशाच्या मेंदूच्या तळाशी सुई टोचली, तेव्हा त्याच्या मूत्रात साखर उतरली. १९११ साली अमेरिकेत वॉल्टर कॅनन याने मांजरापुढे भुंकणारा कुत्रा आणला आणि भेदरलेल्या मांजराच्या मूत्रात साखर दाखवून दिली. भयाने साखर वाढते, हे आता निःसंशय झाले.

दरम्यान दुसरे सत्य एका वेढ्यातून बाहेर पडले. १८७०–७१ मध्ये प्रशियन सैन्याने पॅरिस वेढले आणि नगरात अन्नाची टंचाई पडली. आपोलिनेर बूशार्दा या वैद्याच्या दृष्टीस आले, की उपासमारीच्या त्या दिवसांत त्याच्या मधुमेही रोग्यांच्या मूत्रातील साखर कमी झाली आहे. म्हणजे भय साखर वाढवते, आणि भयाबरोबरच आलेली टंचाई साखर उतरवते! एकाच वेढ्यात हे दोन्ही परिणाम एकमेकांविरुद्ध उभे होते.

या दोहोंचा दुवा विसाव्या शतकात हाती आला. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी संकटकाळी जे स्राव सोडतात, त्यांत कॉर्टिसोल प्रमुख होय. यकृताकडून साखर तयार करवून घेणे आणि इन्सुलिनचा जोर कमी करणे, ही त्याची कामे. १९३२ साली हार्वे कुशिंग याने एका व्याधीचे वर्णन केले : चेहरा वाटोळा, पोट सुटलेले, हातपाय बारीक, रक्तदाब चढलेला आणि पुष्कळदा मूत्रात साखर. हा या स्रावाच्या अतिरेकाचा परिणाम होता. १९४८ साली फिलिप हेंच याने संधिवाताच्या रोग्यास कॉर्टिसोन टोचले, तेव्हा रोगी चालू लागला. परंतु असे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांत मधुमेह उद्भवू शकतो, हेही लवकरच कळून आले.

कॉर्टिसोन हे स्वतः निष्क्रिय असते. यकृतातील एक विकर त्याचे सक्रिय कॉर्टिसोल बनवते. १९९७ साली बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी दाखवले, की पोटातील चरबीही हेच काम करते. एके काळी चरबी म्हणजे केवळ कोठार, असा समज होता; ती कारखानाही आहे, याला या शोधाने आणखी पुष्टी मिळाली. २००१ साली अमेरिकेत उंदरांच्या चरबीत हे विकर मुद्दाम वाढवले असता त्यांचे पोट सुटले आणि त्यांचे देह इन्सुलिनला जुमानेनासे झाले. पुढे एडिंबरो येथील अभ्यासात असे आढळले, की केवळ स्थूल माणसाच्या यकृतात हे काम मंदावते, परंतु स्थूल आणि शिवाय मधुमेही असणाऱ्यांत ते तसे मंदावत नाही. जणू काटकसरीचा तो उपायही मधुमेहात चालेनासा होतो.

मग वजन उतरल्यावर काय होते? उत्तर सरळ नाही, आणि म्हणूनच ते महत्त्वाचे आहे. २००४ साली बारा स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यल्प आहारावर ठेवण्यात आले. वजन घटले, पण चरबीतील ते विकर कमी होण्याऐवजी वाढले. उलट, स्वीडनमधील उमिओ येथे स्थूल स्त्रियांनी दोन वर्षे बदललेला आहार पाळला, तेव्हा चरबीतील विकर घटले आणि यकृताचे काम पूर्ववत होण्याच्या मार्गास लागले. हे दोन्ही प्रयोग लहान आणि मुख्यतः स्थूलतेविषयीचे होते. तथापि त्यांतून निघणारा बोध स्पष्ट आहे. अकस्मात आलेली टंचाई देह दुष्काळच समजतो आणि आपत्तीची घंटा वाजवतो. टिकून राहिलेला बदल तो हळूहळू स्वीकारतो. संपूर्ण उपवासात रक्तातील कॉर्टिसोल चढते, हेही याच्याशी सुसंगत आहे.

याचा अर्थ कडक आहार व्यर्थ, असा मात्र नव्हे. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोग जडून सहा वर्षे न झालेल्या मधुमेह्यांना तीन ते पाच महिने सव्वाआठशे ते साडेआठशे उष्मांकांचा आहार देण्यात आला. वर्षअखेर त्यांपैकी ४६ टक्के लोक औषधावाचून रोगमुक्त अवस्थेत होते. ज्यांचे वजन १५ किलो वा अधिक उतरले, त्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते. परंतु तेथे सारे वैद्यकीय देखरेखीखाली चालले होते, आणि नंतर वजन राखण्यासाठी साहाय्यही मिळत होते.

महाराष्ट्राने या इतिहासात आपली भर घातली आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्यानजीकच्या सहा खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास चालवला. तेथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्पटनच्या बाळांचे ३.५ किलो, पण वजन कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगातील चरबी त्या मानाने घटलेली नव्हती. २००४ साली याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध झाली : उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही २२.३, परंतु चरबी एकाची २१.२ टक्के, दुसऱ्याची ९.१. अधिक चरबी अर्थातच भारतीयाची. सडपातळ दिसणारा देह आतून स्थूल असू शकतो. अनेक पिढ्यांच्या अर्धपोटी जीवनाचा हा वारसा असावा, असे अनुमान संशोधक करतात.

म्हणून मंद्रूपसारख्या गावातील मधुमेह्याने तराजूवरचा आकडा एकट्याने वाचून चालत नाही. पोट सुटलेले असेल, तर वजन उतरवणे हा उपचारच होय. मात्र गोळ्या वा इन्सुलिन चालू असताना एकदम अन्न तोडले, तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. प्रयत्नावाचून वजन झरझर घटत असेल, तर तो आनंदाचा विषय नसून इन्सुलिन कमी पडत असल्याची सूचना असू शकते, आणि तेव्हा डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. १८७७ च्या मजुराचा देह घटला तो सक्तीने आणि चिंतेत; आजच्या रोग्याचे वजन उतरावे ते संमतीने, सावकाश आणि घरच्यांच्या आधाराने. तराजूवर दोन्ही वजने सारखीच दिसतील. देह मात्र त्यांतील भेद जाणतो.