अंगाबेताचा झगा

तयार कपड्यांचे दुकान ही वाटते तितकी जुनी गोष्ट नव्हे. पुरुषांच्या बाबतीत तिला खरा जोर आला तो अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने. लाखो शिपायांना गणवेश हवे होते, आणि एकेकाला उभे करून माप घ्यायला सवड कुणाला? तेव्हा छातीच्या मापावरून ठरावीक आकार बांधले गेले. युद्ध संपले, आकार मात्र राहिले, आणि कारखानदारांना आयते घबाड मिळाले.

बायका सैन्यात नव्हत्या. त्यांचे माप कुणी घेतलेच नाही. त्यांचे झगे घरी शिवले जात किंवा शिंपिणीकडून शिवून घेतले जात. १८६३ साली बटरिक नावाच्या एका शिंप्याने कागदी बेतण्या विकायला काढल्या, तेवढीच काय ती सोय. पुढे बायकांचेही कपडे कारखान्यात होऊ लागले तेव्हा पुरुषांचाच हिशेब त्यांना लावण्यात आला. छाती एकदा मोजली की कंबर, नितंब, दंड सारे प्रमाणात असणारच, असे कारखानदाराने धरून चालले. त्यातही ३६ इंच हे माप ‘परिपूर्ण’ म्हणून मिरवू लागले. ज्यांचे अंग त्यात बसेना, त्यांनी स्वतःलाच दोष द्यावा!

आमच्या वाचक भगिनींना यातली अडचण चटकन ध्यानात यायची नाही. लुगडे नऊवारी असो की पाचवारी, ते अंगाला काही विचारत नाही. बाळंतिणीला, सासूला, नव्या नवरीला तेच चालते. निऱ्या दोन कमी पडतील किंवा दोन जास्त होतील, एवढेच. आपली परीक्षा होते ती पोलक्याच्या वेळी, शिंपी भर दुकानात आपला आकडा मोठ्याने पोऱ्याला सांगतो तेव्हा. ज्या बायकांचा नखशिखांत पोशाखच असा मापावर बेतलेला, त्यांचे काय होत असेल, याची कल्पना त्यावरून करावी.

ही कोंडी फोडली ती लीना हिमेलस्टाइन नावाच्या एका पोरक्या ज्यू मुलीने. लिथुआनियातून ती १८९५ साली न्यूयॉर्कला आली आणि शिवणकामाच्या कारखान्यात आठवड्याला एका डॉलरवर राबू लागली. डेव्हिड ब्रायंट नावाच्या जवाहिऱ्याशी तिचे लग्न झाले. मूल लहान असतानाच तो क्षयाने गेला. त्याने दिलेली हिऱ्यांची कर्णभूषणे गहाण टाकून तिने शिवणयंत्र घेतले असे सांगतात. १९०४ साली तिने स्वतःचे दुकान थाटले. बँकेच्या कागदावर ‘लीना’चे ‘लेन’ झाले. ते तिने दुरुस्त केले नाही, आणि दुकान जन्मभर ‘लेन ब्रायंट’ राहिले.

एके दिवशी एक गर्भवती गिऱ्हाईक तिच्याकडे आली. घरी पाहुणे येतात, त्यांच्यापुढे नीटनेटके वावरता येईल असे काही शिवून द्या, म्हणाली. त्या काळी प्रतिष्ठित घरच्या गर्भवतीने चारचौघांत दिसू नये असाच शिष्टाचार होता. (यात आपल्यालाही नवल वाटण्याचे कारण नाही!) लीनाने चोळीभागाला लवचीक पट्टी लावून खाली चुणीदार घागरा जोडला. झगा उत्तम चालला, पण त्याची जाहिरात छापायला वर्तमानपत्रे तयार होईनात. गर्भारपण हा विषय छापण्याजोगा नाही म्हणे! अखेर १९११ साली ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ने ती छापली, आणि दुकानातला माल पाहता पाहता संपला.

तिचा दुसरा नवरा आल्बर्ट मालसिन हा व्यवसायाने इंजिनिअर. त्याने सुमारे साडेचार हजार गिऱ्हाइकांची मापे घेतली आणि विमा कंपनीकडच्या कोई दोन लाख बायकांच्या नोंदी पडताळून पाहिल्या. त्याच्या ध्यानात आले की स्थूल बाई ही एकाच साच्याची नसते. तिचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात, म्हणून बारीक बाईचा झगा नुसता रुंद करून भागत नाही, बेतणीच निराळी हवी. ही गोष्ट जाडजूड बायकांना स्वतःला ठाऊक नव्हती थोडीच! पण तोवर ती आकड्यांत मांडून कारखान्यात कुणी नेली नव्हती. १९२३ पर्यंत दुकानाची विक्री पन्नास लाख डॉलरवर गेली, आणि स्थूल बायकांच्या कपड्यांनी गर्भवतींच्या कपड्यांना मागे टाकले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टपालाने घरोघर जाणाऱ्या त्यांच्या सूचिपत्रांत बाईला सडपातळ भासवण्याचीच ग्वाही असे. उभे पट्टे, गडद रंग, लांब रेषा. कपडा अंगाला बसवला, पण ते अंग लपवावे हा आग्रह सुटला नाही. तरीसुद्धा मला वाटते, की आधी कपडा मिळू द्यावा, वाद मागून घालावा.

सरकारही जागे झाले, पण उशिरा. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या शेती खात्याने सुमारे पंधरा हजार बायकांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. त्यांत हिशेबात धरल्या गेल्या त्या फक्त गोऱ्या बायका. या मापांच्या पायावर १९५८ साली आकारांचे प्रमाण ठरले, आणि १९८३ साली ते मागेही घेण्यात आले. तेव्हापासून प्रत्येक कंपनीचा आकडा तिचा तिचा. एका दुकानातली बारा नंबरची बाई दुसऱ्या दुकानात सोळाची होते.

आज पोशाखाचा सल्ला देणे हा स्वतंत्र धंदा झाला आहे, आणि खास स्थूल बायकांसाठी तो करणाऱ्याही आहेत. त्यांची पहिली अडचण जुनीच आहे. छायाचित्रांसाठी कंपन्या जे नमुन्याचे कपडे उसने देतात, ते बहुतेक एकाच बारीक मापाचे असतात. गिऱ्हाईक समोर उभे आणि कपडा अंगात शिरत नाही. मग शिवणी उसवायच्या, पाठीमागे कापड जोडायचे, टाचण्या लावायच्या. म्हणून अशी बाई कपड्यावरच्या चिठ्ठीतला आकडा वाचत बसत नाही. आधी पर्समधून टेप काढते.