गळ, दोरी आणि ओवी

मैत्रिणींनो, थंड पाण्यातल्या ट्राउट माशाला फसवायला परदेशात गळावर पिसं बांधून खोटी माशी करतात. आपल्या गोदावरी-पूर्णेत ट्राउट नाही. पण गळाची विद्या आपल्याकडेही जुनीच. परभणीचा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांकडे होता तेव्हा, 1130 च्या सुमारास, राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. गळ, दोरी, काठी, कोणत्या माशाला कोणतं आमिष, सगळं त्यात आहे. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओव्या गातात, हेही त्यातच आहे. राजानं लिहिलं म्हणून ते टिकलं. आपल्या भोई घरांतली जाळं विणायची विद्या बहुतेक तोंडीच राहिली. आता नायलॉनचं तयार जाळं बाजारातून येतं. जाणत्या आजी आहेत तोवर, पुढच्या बैठकीत आपण त्यांना विचारून वहीत उतरवून घेऊ या.