पैशाचा पेला

रविवारी सकाळी मी कोथिंबीर आणायला म्हणून घराबाहेर पडतो आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून काचेचा एखादा पेला घेऊन परत येतो. कोथिंबीर राहते. मग आमच्या सौभाग्यवती माझ्या पिशवीकडे ज्या नजरेने पाहतात, ती नजर मी बँकेत फक्त तपासणीला आलेल्या साहेबांची पाहिली आहे.

"हा कितवा?"

"अगं, जुना आहे. बुडाशी खडबडीत वण बघ. फुंकून केलेला पेला लोखंडी सळईवरून तोडून काढतात ना, तिथे असा वण राहतो. साच्यात दाबून काढलेल्या पेल्याला उभी शिवण असते. ही दाबायची युक्ती 1820 च्या दशकात अमेरिकेत..."

"धुणार कोण?"

इतिहासाचार्य राजवाड्यांना हा प्रश्न कुणी विचारला नसावा. नाहीतर मराठ्यांच्या इतिहासाची साधने इतक्या खंडांत निघती ना!

आमच्या घरात पेल्यांबाबत एकच कायदा आहे. आणलेला पेला वापरायचा, शोकेसमध्ये ठेवायचा नाही. हा कायदा आईने केलेला आहे आणि त्याला कारण आहेत सहा पेले.

1974 साली वडील नोकरीनिमित्त कराडला होते. नवीन लग्न, नवीन बिऱ्हाड. तिथल्या एका दुकानदाराने 'ओगलेवाडीचे' म्हणून त्यांना सहा पेले दिले. जाड, आठ पैलूंचे, उन्हात धरले की किंचित हिरवट दिसणारे. वडिलांनी ते शोकेसमध्ये ठेवले. पाहुण्यांसाठी. पाहुणे पुष्कळ आले, पण त्या पेल्यांच्या तोलाचा कुणी आला नाही. मामा आला, तर मामा घरचाच. वडिलांचे साहेब आले, तर साहेब चहा कपातून घेतात. व्याही आले, तेव्हा गडबडीत किल्ली सापडेना. आम्ही सगळे आपापलं नाव कोरलेल्या स्टीलच्या पेल्यातून पाणी प्यायलो. दर दिवाळीला वडील ते सहा पेले बाहेर काढत, धोतराच्या मऊ फडक्याने पुसत आणि मोजून आत ठेवत.

वडील गेले तेव्हा पेले सहाच्या सहा शिल्लक होते. एकालाही कुणाचे ओठ लागले नव्हते. आमच्या भाषेत अशा मालाला डेड स्टॉक म्हणतात. तेराव्यानंतर आईने शोकेस उघडली, सहाही पेले मोरीत नेऊन धुतले आणि म्हणाली, "ह्यांनी एकदा तरी ह्यातनं प्यायला हवं होतं." तेव्हापासून मी पेल्यांच्या नादी लागलो.

वडिलांना काचेचा एवढा धाक का वाटावा, याचा शोध घेताना मी बराच मागे गेलो. जुन्या घरांत भांडं म्हणजे धातूचं. तांब्या, गडू, फुलपात्र. राखेने किंवा चिंचेने घासलं की शुद्ध. चिनी मातीचं आणि काचेचं मात्र सोवळ्याच्या हिशेबात काही खरं नसे. त्यातून 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनच्या चहाचं प्रकरण झालं. गोपाळराव जोश्यांनी गावातली बडी मंडळी मिशनमध्ये जमवली, पुढे चहा आला. कुणी प्यायले, कुणी नुसता कप हातात धरला, आणि नंतर नावांची यादी वर्तमानपत्रात छापून आली! यादीत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. ग्रामण्य माजलं, शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एक कप चहा इतका महाग पुण्यात पुन्हा कुणाला पडला नसेल.

गंमत पुढेच आहे. त्याच टिळकांनी पुढे काचेच्या कारखान्याला पाठबळ दिलं. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी कल्पना काढली की प्रत्येकाने देशी उद्योगासाठी वर्षाला एक पैसा द्यावा. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे चौसष्ट माणसं भेटावीत, प्रत्येकाने स्वदेशीवर शंका काढाव्यात, सगळ्यांचं समाधान करावं, तेव्हा कुठे एक रुपया जमायचा. आमच्या शाखेत दहा रुपयांचं खातं उघडायला माणसं खळखळ करतात, त्यामुळे काळ्यांबद्दल मला विशेष आदर आहे. त्या पैसा फंडातून 1908 साली तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना उभा राहिला. जपानात काचेची विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवायला होते. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेलं. तोवर आपल्याकडे दिव्याची काचसुद्धा ऑस्ट्रिया-बेल्जियमहून यायची. पुढे 1916 साली औंध संस्थानात, कराडजवळ, ओगले बंधूंनी कारखाना काढला. प्रभाकर कंदील तो ह्यांचाच. तो कारखाना बंद पडूनही आता कैक वर्षं झाली.

मला वाटतं, हे सगळं वडिलांच्या पिढीच्या डोक्यात कुठेतरी होतं. आधी विटाळ म्हणून हात लावायचा नाही, मग परदेशी म्हणून नाही, आणि शेवटी आपली झाली तेव्हा फुटेल म्हणून नाही. काचेचा पेला आणि मराठी माणूस यांची गाठ पडायची अशी राहूनच गेली.

आता आमच्याकडे ती रोज पडते. गेल्या पावसाळ्यात मी मुलाला समजावत होतो, "जाड पेल्यात एकदम कढत चहा ओतू नये. आतली काच तापून फुगते, बाहेरची गारच असते, त्या ओढाताणीत पेला तडकतो. म्हणून आधी चमचा ठेवायचा, तो थोडी उष्णता ओढून घेतो." हे सांगत मी ओगलेवाडीच्या पेल्यात चहा ओतत होतो. चमचा माझ्या हातात होता. टच्च आवाज झाला. शास्त्र बरोबर निघालं.

घरात एकदम शांतता पसरली. मी आईकडे पाहायचं टाळलं. ती उठली, वर्तमानपत्रात तुकडे गोळा करायला लागली. एक मोठा तुकडा उजेडात धरून तिने तो हिरवट रंग पाहिला.

"कशाने फुटला?"

"चहाने," मुलगा म्हणाला.

"मग ठीक आहे," आई म्हणाली. "दुसऱ्यात ओत. चमचा ठेवून."

आजअखेर शिल्लक : पाच. पैकी एकाच्या काठाला टवका, तो माझ्याकडे. कोथिंबीर अजून आणायची आहे.